नियंत्रणाची कोंडी

वाघोलीतील एका गृहरचना संस्थेत गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी सारे काही जागच्या जागी थांबले. वीज गेली नव्हती. रस्ता खणताना कोणी तार तोडली नव्हती. यंत्रांवरचे हिरवे दिवे नेहमीसारखे लुकलुकत होते. तरीही तीनएकशे घरांतील एकाही संगणकावर काही उमटेना, फोनवरून पैसे जाईनात, कार्यालयातील संगणकाच्या पडद्यावरचा बाण जिथे होता तिथेच गोठून बसला आणि प्रवेशद्वारावरचा आडवा दांडा आत येणाऱ्यालाही उठेना आणि बाहेर जाणाऱ्यालाही उठेना. प्रस्तुत लेखक त्या संस्थेचा रहिवासी असल्याने त्याने हे सारे प्रत्यक्ष पाहिले आहे. त्या वेळी प्रत्येकाचे निदान वेगळे होते. कोणी पावसाला दोष दिला, कोणी सेवा पुरवणाऱ्याला शिव्या घातल्या, तर कोणी परकीय हल्ल्याची शंका बोलून दाखवली. खरे कारण दुसऱ्या दिवशी कळले. ते इतके क्षुल्लक होते की हसावे की रागवावे हेच कळेना. जाळ्यावरील वाहतुकीला शिस्त लावण्यासाठी त्याच दुपारी जो नियम घातला होता, त्याच नियमाने वाहतूक बंद पाडली होती.

नियम घालण्यामागचा हेतू वाईट होता असे कोणीही म्हणणार नाही. संध्याकाळी सात ते दहा या वेळात काही घरांत क्रिकेटचे सामने आणि चित्रपट चालतात, त्यात सामायिक जोडणीचा बहुतेक भाग खर्च होतो आणि शिकवणीच्या वर्गांना बसलेल्या मुलांना शिक्षकांचा आवाज तुटक ऐकू येतो, ही तक्रार वार्षिक सभेत झाली होती. तेव्हा प्रत्येक प्रकारच्या वाहतुकीला तिचा वाटा नेमून द्यावा असे ठरले. वर्गांना आणि बैठकांना अग्रक्रम मिळावा, करमणुकीला ठरावीक मर्यादा असावी, आणि यांपैकी कशातच न बसणारे जे काही असेल ते उरल्यासुरल्या खात्यात जावे, अशी ही योजना होती. योजना म्हणून तीत खोट नाही. टँकरवर विसंबून असलेल्या वस्तीत पाण्याचे वाटप असेच करावे लागते. वाघोलीकरांना त्याचा चांगलाच सराव आहे.

खोट निघाली ती उरल्यासुरल्या खात्यात. त्या खात्याची मर्यादा लिहिताना तंत्रज्ञाने आकडा बरोबर लिहिला, पण त्याचे परिमाण चुकीचे लिहिले. जेथे ‘मेगाबिट’ असावयास हवे होते तेथे ‘किलोबिट’ पडले. म्हणजे त्या खात्याच्या वाट्याला ठरल्याच्या एक हजारांश भाग आला. आता वाचक विचारतील की उरल्यासुरल्या मालाला अडथळा झाला तर बाकीच्यांनी का थांबावे? याचे उत्तर या विषयाच्या मुळाशी आहे. संगणक जेव्हा एखाद्या ठिकाणी जाऊ पाहतो तेव्हा तो प्रथम त्या ठिकाणाचा पत्ता विचारणारी एक लहानशी चिठ्ठी पाठवतो. पत्त्याचे उत्तर आल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. ही चिठ्ठी वर्गातही मोडत नाही आणि करमणुकीतही मोडत नाही. नियम करणाऱ्याच्या मनात तिची आठवणच नसल्यामुळे ती उरल्यासुरल्या खात्यात गेली. त्याच खात्यात प्रवेशद्वाराचे यंत्र होते आणि इमारतींवरील कॅमेऱ्यांची चोवीस तास बाहेर जाणारी चित्रेही होती. त्या चित्रांच्या लोंढ्याने ती बारीक वाट क्षणात भरून गेली. चिठ्ठ्या रांगेत अडकल्या. उत्तर येत नाही म्हणून प्रत्येक संगणकाने तीच चिठ्ठी पुन्हा पाठवली, पुन्हा पाठवली आणि रांग आणखी वाढवली. वर्गांसाठी राखलेला प्रशस्त मार्ग मोकळा पडून होता, पण त्याच्यापर्यंत पोहोचावे कसे हे सांगणारे कोणी नव्हते.

अशा वेळी यंत्र मोडलेले नसते, हे लक्षात घेतले पाहिजे. मोडलेले यंत्र निदान कुरकुरते आणि चुकीचा संदेश देते. गोठलेले यंत्र केवळ वाट पाहत असते आणि किती वेळ वाट पाहावी हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सरकारी कार्यालयात एका टेबलावर अडकलेल्या कागदाची वाट पाहणारा दुसऱ्या टेबलावरचा कारकून जसा निवांत बसून असतो, तसेच हे. त्याला विचारावे तर त्याचे काम चोख असते.

आणखी एक गोष्ट त्या संध्याकाळी उघडकीस आली. तंत्रज्ञाने दुपारी नियम बदलला होता तो दुरून, आपल्या कार्यालयात बसून, त्याच तारेवरून. चूक ध्यानात आल्यावर तो ती दुरूनच दुरुस्त करू पाहत होता. परंतु त्याचा स्वतःचा प्रवेशही उरल्यासुरल्या खात्यातच जमा झालेला. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणाऱ्या शेखचिल्लीची गोष्ट आपण लहानपणी हसत हसत ऐकली. संगणकाच्या जगात ती नित्य घडते आणि शहाणीसुरती माणसे ती घडवतात. अखेर तो हडपसरच्या बाजूने दुचाकीवर निघाला. चौदा-पंधरा किलोमीटरचे ते अंतर. खराडीच्या अलीकडे त्याला दुसऱ्या कोंडीने गाठले आणि संस्थेच्या दारात पोहोचावयास त्याला दोन तास लागले. दारात आल्यावर यंत्राला थेट तार जोडून एक शब्द बदलण्यास चार मिनिटे पुरली.

त्या दोन तासांत काय घडले हे सांगितल्याखेरीज हा लेख लिहिण्याचे प्रयोजन स्पष्ट होणार नाही. आमच्या समोरच्या इमारतीतील एका आजोबांना धाप लागली. शेजाऱ्यांनी १०८ क्रमांकाला फोन केला आणि रुग्णवाहिका, नगर रस्त्याची ती वेळ पाहता, आश्चर्य वाटावे इतक्या लवकर आली. ती अडली ती आमच्याच दारात. दांडा उचलण्यासाठी वाहनांची यादी दूरवरच्या संगणकाला विचारावी लागते आणि तो संगणक उत्तर देत नव्हता. हाताने दांडा उचलण्याची किल्ली कार्यालयात, कार्यालयाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी बाहेरगावी. पहारेकऱ्याला कोणी कधी काही शिकवलेच नव्हते. शेवटी दोन तरुणांनी पान्याने दांड्याचे नटबोल्ट खोलले. यात बारा मिनिटे गेली. आजोबा आज बरे आहेत आणि संध्याकाळी बाकावर बसून या प्रकाराची हकिकत रंगवून सांगतात. म्हणूनच केवळ याला विनोद म्हणता येते.

एखाद्या संस्थेतील एवढ्याशा चुकीसाठी अग्रलेखाच्या पानावरील जागा अडवावी काय, असे कोणी विचारील. त्यावर उत्तर असे की ही चूक लहानांची नाही. जगातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्या यंत्रणांनीही ती केलेली आहे, आणि तिचे स्वरूप आमच्या वाघोलीतील चुकीहून फारसे निराळे नव्हते. २ जून २०१९ रोजी गूगल कंपनीच्या जाळ्यात एका भागातील थोड्या संगणकांपुरता करावयाचा बदल चुकून शेजारच्या अनेक भागांतील संगणकांना लागू झाला. त्यामुळे त्या भागांतील जाळ्याची निम्म्याहून अधिक क्षमता वापराबाहेर गेली आणि उरलेल्या अरुंद वाटेवर सारी वाहतूक लोटली. कंपनीच्या तंत्रज्ञांना बिघाडाची कल्पना दोन मिनिटांत आली होती. तरीही तो दूर होण्यास चार तासांहून अधिक काळ गेला. बिघाड शोधण्याची त्यांची साधनेही त्याच कोंडलेल्या जाळ्यावरून चालत होती, हे कंपनीनेच नंतर प्रसिद्ध केलेल्या निवेदनात मान्य केले आहे. हडपसरहून निघालेला आमचा तंत्रज्ञ आणि कॅलिफोर्नियातील ते अभियंते यांची अवस्था एकच होती.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र तर अनेक वाचकांना आठवत असेल. भारतीय वेळेप्रमाणे नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही एकदम नाहीशी झाली ती सुमारे सहा तास परतली नाहीत. कंपनीच्या मध्यवर्ती जाळ्याची क्षमता मोजण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेने त्या जाळ्याच्या सर्व जोडण्या तोडल्या. अशी घातक आज्ञा अडवण्यासाठी एक तपासणी व्यवस्था ठेवलेली होती. तिच्यातच दोष असल्याने तिने आज्ञा अडवली नाही. मध्यवर्ती जाळे नाही असे दिसताच कंपनीचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रांनी, त्यांना शिकवल्याबरहुकूम, स्वतःला जगापासून अलग करून घेतले. अभियंत्यांना प्रत्यक्ष इमारतीत जाऊन यंत्रांना हात लावावा लागला, आणि त्या इमारती परक्याला आत शिरता येऊ नये अशाच बांधलेल्या असल्यामुळे आपल्या माणसांनाही आत शिरण्यास वेळ लागला. या घटनेत कोणी परका शत्रू नव्हता.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण हवे असेल तर २४ फेब्रुवारी २०२१ चे घ्यावे. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार त्या दिवशी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचार वाजता पुन्हा सुरू होऊन पाचपर्यंत चालवावे लागले. व्यवहारातील जोखीम क्षणोक्षणी मोजणारी व्यवस्था उपलब्ध नाही, म्हणून व्यवहार थांबवणे भाग पडले होते. रस्त्याच्या कडेला चाललेल्या खोदकामामुळे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या तुटल्या, असे बाजाराने नंतर सांगितले. दोन कंपन्या घेतल्या म्हणजे दोन वाटा झाल्या, हा समज किती फसवा आहे हे यावरून दिसते. पण त्याहूनही महत्त्वाचा भाग पुढे आहे. एक व्यवस्था कोलमडली तर दुसरीने तिची जागा घ्यावी अशी रचना तेथे होती, आणि नेमक्या गरजेच्या वेळी ती अपेक्षेप्रमाणे वागली नाही. मुंबई शेअर बाजार त्या वेळी सुरू होता. ज्यांचे सौदे एकीकडे अर्धवट अडकले त्यांना दुसरीकडे मिळेल त्या भावाने ते मिटवण्याची धावपळ करावी लागली. बिघाडाची किंमत कोणी मोजली हे वेगळे सांगावयास नको.

या उदाहरणांवरून आमच्या संस्थेतील एका गटाने असा निष्कर्ष काढला की नियंत्रण हीच मुळी भानगड आहे, ते काढून टाकावे आणि ज्याला जेवढे ओढता येईल तेवढे ओढू द्यावे. सभेत या म्हणण्याला टाळ्याही पडल्या. हा निष्कर्ष मात्र इतिहासाला धरून नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधील जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. दोहोंतील अंतर अवघे चारशे यार्ड. म्हणजे वाघेश्वराच्या देवळाकडे जाताना माणूस चार-पाच मिनिटांत तोडतो एवढे. तेथे कोणी चुकीचा नियम घातला नव्हता. पुरेसे नियंत्रणच नव्हते. प्रत्येक संगणक आपला माल पोहोचला नाही असे वाटून तोच माल पुन्हा पाठवत होता, आणि वाहतुकीत नव्या मालापेक्षा पुनरुक्तीच अधिक झाली होती. व्हॅन जेकबसन या अभियंत्याने आपल्या सहकाऱ्यांसह याचा छडा लावला आणि १९८८ मध्ये त्यावरील प्रबंध प्रसिद्ध केला. त्याचा तोडगा वाहतूक पोलिसाचा नव्हता. प्रत्येक पाठवणाऱ्याने सुरुवात हळू करावी, वाट मोकळी असल्याची खूण पटत जाईल तसतसा वेग वाढवावा आणि माल गहाळ होताना दिसताच आपण होऊन हात आखडता घ्यावा, एवढेच त्यात सांगितले होते. आज इंटरनेट चालते ते या आत्मसंयमावर, हे नियंत्रणाच्या विरोधकांना ठाऊक नसावे.

आत्मसंयमाचा उल्लेख केल्यावर नगर रस्त्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. तो संयम नगर रस्त्यावर पाहावयास मिळत नाही. पण तेथील माणसांवर सारा दोष ढकलून मोकळे होणे अन्यायाचे होईल. वाघोली हे हवेली तालुक्यातील गाव. दगडखाणींचे आणि शेतीचे गाव म्हणून जुन्या पुणेकरांना ते माहीत होते. खराडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या आणि त्यांत काम करणाऱ्यांची घरे वाघोलीत झाली. ३० जून २०२१ रोजी २२ इतर गावांसह वाघोली पुणे महापालिकेत आली. रस्ता मात्र एकच राहिला आणि त्या रस्त्यावर नियमांचे प्रयोग होत राहिले. २०१६ मध्ये येरवड्यापासून वाघोलीपर्यंत बससाठी स्वतंत्र मार्ग सुरू झाला, म्हणजे एका प्रकारच्या वाहतुकीला तिचा राखीव वाटा मिळाला. पुढे काही वर्षांतच तो टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आला. तो असावा की नसावा याविषयी दोन मते असू शकतात. पण ज्या हिशेबाने तो घातला तो हिशेब कोठे चुकला, आणि ज्या हिशेबाने काढला त्यातून काय साधले, याचा रीतसर जमाखर्च वाघोलीकरांपुढे कोणी मांडला आहे काय? कुठला छेद बंद करावा, वळण कोठे द्यावे, केसनंद फाट्यावर दिवा किती वेळ हिरवा ठेवावा, हे सारे रात्रीतून बदलते आणि सकाळी कामावर निघालेल्या माणसाला ते रस्त्यावर आल्यावर कळते. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रामवाडी ते वाघोली आणि वनाझ ते चांदणी चौक या मेट्रोच्या विस्तारांना मंजुरी दिली. १२.७५ किलोमीटर, १३ स्थानके आणि ३,६२६ कोटी रुपये असा हा व्याप आहे. नवी वाट होईल, चांगलेच आहे. पण वाट रुंद केल्याने नियम करणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. आमच्या संस्थेतही मोकळी वाट होतीच.

येथे उपमा जरा आवरावी लागते. जाळ्यावरचे माहितीचे पाकीट गहाळ झाले तर ते पुन्हा पाठवता येते. रस्त्यावरच्या माणसाला तशी सोय नाही. म्हणूनच रस्त्याचे नियम करणाऱ्याने संगणकवाल्यांहून अधिक सावध असावयास हवे, आणि तसे होताना दिसत नाही, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

नियंत्रण असावे की नसावे हा वाद बाजूला ठेवला की खरा प्रश्न पुढे येतो. नियम कोण करतो, कोणाला विचारून करतो आणि चुकल्यास कोणाला जाब देतो? इंटरनेटच्या बाबतीत या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या देशाने दिलेले आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरागणिक वेगळे दर लावण्यास मनाई केली, आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट समानतेचे तत्त्व स्वीकारले. वाहतुकीचे वाजवी व्यवस्थापन करण्याची मुभा कंपन्यांना त्यात आहे. परंतु ते प्रमाणात असावे, तात्पुरते असावे आणि ग्राहकाला कळेल असे असावे, ही त्यामागची भूमिका आहे. अर्थात हे सारे नियम गृहीत धरतात की कंपनी लबाडीने वागेल. कंपनी चुकेल, किंवा तिने नेमलेल्या उपकंत्राटदाराचा पोरगेला तंत्रज्ञ दुपारच्या झोपेच्या गुंगीत एक अक्षर चुकेल, याची तरतूद त्यात सापडत नाही. आपल्याकडील कायदे नेहमीच चोराचा विचार करतात, धांदरटाचा करीत नाहीत. आणि सार्वजनिक यंत्रणांमध्ये चोरांपेक्षा धांदरटांनी केलेले नुकसान अधिक असावे, असा या लेखकाचा अनुभव आहे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवेच्या दर्जाविषयीच्या नियमांनी एक पाऊल पुढे टाकले हे मान्य केले पाहिजे. संपूर्ण जिल्ह्यातील सेवा चार तासांहून अधिक काळ बंद पडली तर कंपनीने ते नियामकाला कळवावयाचे आहे, आणि ती चोवीस तासांहून अधिक काळ बंद राहिली तर ग्राहकाला भाड्यात सूट द्यावयाची आहे. पण पुणे जिल्हा म्हणजे केवढा? जुन्नरपासून इंदापूरपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात वाघोलीसारखे एक मोठे उपनगर दिवसभर अंधारात राहिले तरी ‘जिल्हा’ बंद पडला असे कोणी म्हणणार नाही. त्या बिघाडाची नोंद होणार नाही, कारण सांगावे लागणार नाही, आणि सहा महिन्यांनी तीच चूक लोहगावात किंवा मांजरीत पुन्हा करावयास तंत्रज्ञ मोकळा.

रेल्वेच्या बाबतीत आपण असे चालू देत नाही. गंभीर अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. ज्याची चौकशी करावयाची त्याच्याकडूनच चौकशी करणाऱ्याला पगार मिळू नये, हे शहाणपण ब्रिटिश काळातच सुचले होते. आज दवाखाना, बँक, रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र, मुलांच्या प्रवेशाचे अर्ज आणि महापालिकेचा जन्मदाखला ही सारी एका तारेवर लटकलेली असताना त्या तारेच्या बिघाडाची चौकशी कंपनीने स्वतःच करावी आणि निष्कर्ष स्वतःच्याच दप्तरात ठेवावा, हे कितपत योग्य आहे? रेशनच्या दुकानात ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द ऐकून परत फिरणाऱ्या मजूर बाईला तिचा दिवस कोणी भरून देत नाही. ते दोन शब्द आता खेड्यापाड्यांतील मराठीचा भाग झाले आहेत, आणि ज्या अर्थाने पूर्वी ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असे म्हटले जाई त्याच अर्थाने ते वापरले जातात.

वाघोलीकरांची अडचण तर दुहेरी आहे. ग्रामपंचायत होती तेव्हा निदान सरपंचाचे दार ठोठावता येई. गाव महापालिकेत आले आणि पुढच्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये, महापालिकेची मुदत संपून तेथे प्रशासक बसले, ते दीर्घकाळ राहिले. नव्याने आलेल्या गावांनी कर भरला, पण त्यांचा प्रश्न सभागृहात विचारावयास त्या काळात सभागृहच नव्हते. नियम करणारा आणि नियम सोसणारा यांच्यामधली वाट अशी बंद असली की चूक दुरुस्त व्हावयास वेळ लागतो तो तंत्रामुळे नव्हे.

तंत्रापुरते बोलावयाचे तर उपाय अवघड नाहीत आणि महागही नाहीत. दुरुस्ती करणाऱ्याची वाट इतर वाहतुकीपासून अलग ठेवावी. मग ती एक साधी मोबाईलची जोडणी असली तरी चालेल. उरल्यासुरल्या खात्यात काय काय जाऊन पडणार आहे याची यादी नियम लागू करण्यापूर्वी करावी, कारण ज्याची आठवण राहत नाही तेच तेथे जाते. चांगल्या प्रतीच्या राउटरांमध्ये एक सोय असते: केलेला बदल ठरावीक मिनिटांत पुन्हा पक्का केला नाही तर तो आपोआप रद्द होतो आणि जुना नियम परत येतो. शेखचिल्लीला ही सोय असती तर फांदी आपोआप जोडली गेली असती! आमच्या यंत्रात ती होती. फक्त ती वापरण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. आणि ज्या यंत्रावर माणसाचा जीव अवलंबून आहे, मग तो दरवाजाचा दांडा असो की लिफ्ट, ते यंत्र बाहेरच्या उत्तरावाचून अडता कामा नये. उत्तर आले नाही तर दांडा वर गेला पाहिजे. चोर आत येईल ही भीती खरी आहे. पण त्या भीतीपायी रुग्णवाहिका बाहेर ठेवावी काय, याचा निर्णय यंत्र विकणाऱ्याने परस्पर घ्यावयाचा नसतो.

या गोष्टी नव्या नाहीत. सेवा पुरवणाऱ्यांना त्या ठाऊक असतात. त्यांचा खर्च कोणी करावयाचा, आणि त्या न केल्यास कोणाला काय भोगावे लागेल, हे ठरलेले नसल्यामुळे त्या होत नाहीत. महापालिकेला हे करता येईल. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देताना अग्निशामक व्यवस्था पाहतात, तसे दरवाजे आणि लिफ्ट जाळ्यावाचून चालतात की नाही हे पाहावयास काय हरकत आहे? नियामकालाही करता येईल. जिल्ह्याची अट काढून प्रभागाची किंवा तालुक्याची घातली आणि बिघाडाचे कारण कंपनीने सर्वांना वाचता येईल असे प्रसिद्ध करावे असे बंधन घातले, तरी पुष्कळ काम होईल. गूगल आणि फेसबुक या कंपन्यांनी आपल्या चुकांची कारणे जगापुढे मांडली म्हणून त्या बुडाल्या नाहीत.

आमच्या संस्थेने त्यानंतर विशेष सभा घेतली. ती रात्री साडेदहापर्यंत चालली आणि त्यातला मोठा भाग दांड्याचे नटबोल्ट खोलणाऱ्या दोन तरुणांकडून नुकसानभरपाई घ्यावी की त्यांचा सत्कार करावा या वादात गेला. सत्कार करावा असे ठरले. दांडा हाताने उचलण्याची किल्ली आता पहारेकऱ्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. तंत्रज्ञाच्या करारात वर सांगितलेली कलमे घालण्याचा ठराव मात्र ‘कायदेशीर सल्ला घेऊन’ असा शेरा मारून पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. ती सभा अद्याप झालेली नाही, आणि संध्याकाळचे सामने व मुलांचे वर्ग पुन्हा एकाच तारेवर चालू झाले आहेत.